करारात नसलेलं लंडन

1785 च्या जानेवारीत लंडनच्या एका वर्तमानपत्रानं वाचकांपुढे एक बेत ठेवला. हंगेरीत एका सरदाराच्या पदरी अडकून पडलेल्या जोसेफ हायडनला काही उत्साही तरुणांनी जाऊन सोडवावं आणि सरळ इंग्लंडात आणून बसवावं. ही कामगिरी तीर्थयात्रेच्या तोडीची ठरेल, असंही संपादकांनी वर लिहिलं. भाषा पुण्यकर्माची, बेत मात्र उघडउघड पळवून नेण्याचा! बातमीत ज्याची इतकी कीव केली होती, तो हायडन तेव्हा राजवाड्यात ऑपेराच्या तालमी घेण्यात बुडालेला होता. तरुण काही निघाले नाहीत. जवळजवळ सहा वर्षांनी एकटा माणूस गेला आणि त्याला रीतसर, करार करून घेऊन आला.

हायडन लंडनला गेला, दोन मुक्कामांत बारा सिम्फनी देऊन आला, डॉक्टर झाला, श्रीमंत झाला, ही कथा पाश्चात्त्य संगीताची थोडीफार ओळख असलेल्या कुणालाही ठाऊक असते. ती इथे पुन्हा उगाळत नाही. मला विंगेतलं लंडन सांगायचं आहे. हायडननं तिथे चार वह्या भरल्या. त्यातल्या तीन टिकल्या, एक हरवली. शहरात कोळसा किती जळतो, युवराजांच्या पंचमध्ये शँपेन, बर्गंडी आणि रम यांची एकेक बाटली कशी पडते, लिंबं किती, साखर किती, असलं सगळं त्यानं टिपून ठेवलं आहे. या वह्या आणि त्याची पत्रं समोर ठेवली की एक गोष्ट लख्ख दिसते. निघण्याआधी जे काम सर्वांत मोठं म्हणून ठरलं होतं, ते कपाटात गेलं. घाईत, चुरशीत आणि कधी नाइलाजानं जे झालं, ते आजही जगभर वाजतं. मैफलींच्या मागच्या बाजूला वावरलेल्या कुणालाही याचं नवल वाटणार नाही.

28 सप्टेंबर 1790 रोजी प्रिन्स निकोलाउस एस्टरहाझी गेला आणि त्याच्या वारसानं वाद्यवृंद जवळपास मोडीत काढला. हायडनला निवृत्तिवेतन मिळालं, पद नावापुरतं राहिलं, आणि आयुष्याची जवळजवळ तीस वर्षं एका घराण्याच्या चाकरीत काढलेला हा अठ्ठावन्न वर्षांचा माणूस व्हिएन्नात मोकळा झाला. योहान पेटर सालोमन हा बॉनचा व्हायोलिनवादक तोवर लंडनमध्ये मैफली भरवणारा बडा आयोजक झाला होता. तो त्या वेळी कलोनमध्ये होता. वर्तमानपत्रात निधनाची बातमी वाचताच लंडनचा रस्ता सोडून तो उलट व्हिएन्नाकडे सुटला. हायडनच्या दारात उभं राहून त्यानं प्रास्ताविकच केलं नाही. मी लंडनचा सालोमन, तुम्हाला न्यायला आलो आहे, उद्या बोलणी उरकू, एवढंच म्हणाला. नेपल्सच्या राजाला वाटत होतं की हायडन आपल्याकडे येणार. राजा त्या दिवसांत व्हिएन्नातच मुक्कामाला होता आणि हायडननं त्याच्यासाठी खास रचनाही केल्या होत्या. पण सालोमन आधी पोचला. राजेसाहेब नाराज झाले. त्यांच्यासाठी लिहिलेल्या संगीताचा एक तुकडा पुढे लंडनमध्येच कसा वाजला, ते पुढे येईलच.

आता करार. एका ऑपेराचे 300 पौंड, सहा सिम्फनींचे 300, त्यांच्या प्रकाशनहक्काचे 200, वीस फुटकळ रचनांचे 200 आणि एका बेनिफिट मैफलीची, म्हणजे जिचं उत्पन्न कलाकारालाच मिळतं तिची, 200 पौंडांची हमी. सगळे मिळून 1200. यादीत ऑपेरा पहिला, कारण त्या काळी नाव व्हायचं ते ऑपेरानं. सिम्फनी म्हणजे मैफलीची भरती. हायडनच्या डोक्यातही मोठा बेत ऑपेराचाच होता.

निघायच्या दिवशी, 15 डिसेंबरला, मोझार्ट त्याच्याबरोबर जेवला. पपा, तुम्हाला एवढ्या मोठ्या जगाची सवय नाही, भाषाही फारशा येत नाहीत, ही त्याची काळजी. माझी भाषा सगळ्या जगाला कळते, हे हायडनचं उत्तर. हा संवाद सर्वांना पाठ असतो. त्यामागचा तपशील फारसा कुणी सांगत नाही. त्याच हिवाळ्याच्या तोंडाला मोझार्टलाही लंडनहून बोलावणं आलेलं होतं: ये, दोन ऑपेरा लिही, 300 पौंड घे. पत्र लिहिणारा ओरायली हा लंडनच्या पँथिऑन नाट्यगृहाचा माणूस होता. मोझार्ट गेला नाही. सालोमनचाही बेत होता की हायडन परतला की मोझार्टला न्यायचं. आणि ज्या पँथिऑननं मोझार्टला बोलावलं, त्याच पँथिऑनपायी चार-सहा महिन्यांत हायडनचा ऑपेरा बुडाला. मोझार्टनं होकार दिला असता, तर हे दोन जिवलग लंडनमध्ये दोन शत्रुगोटांत बसलेले दिसले असते.

त्या नाट्यगृहांचं भांडण समजून घ्यायला हवं, कारण सगळा घोळ तिथे आहे. हेमार्केटमधलं किंग्ज थिएटर 1789 मध्ये जळालं. ते पुन्हा बांधायला घेतलं तोवर ऑपेराचा परवाना पँथिऑनकडे गेला. पँथिऑनच्या पाठीशी राजा, किंग्ज थिएटरच्या पाठीशी युवराज, आणि बाप-लेकाचं एकमेकांशी पटत नव्हतं. किंग्ज थिएटरचा सर जॉन गालिनी हा मुळात नृत्यशिक्षक. त्यानं हायडनशी ऑपेराचा सौदा केला, बादीनी नावाच्या इटालियन कवीकडून ऑर्फियसच्या कथेवर संहिता लिहवून घेतली, नवी इमारत उभी केली. फक्त परवाना नव्हता. तो येईलच, या भरवशावर हायडन लिहीत सुटला.

याचा फटका आधी मैफलींना बसला. सालोमनच्या पहिल्या मैफलीची तारीख फेब्रुवारीतली जाहीर झालेली होती. मुख्य गायक डेव्हिडे याचं कंत्राट असं होतं की आधी ऑपेराच्या रंगमंचावर उभं राहायचं, मगच मैफलीत गायचं. ऑपेरा सुरू होईना, म्हणून गायक गाईना, म्हणून मैफल होईना. तारीख पुढे गेली, पुन्हा पुढे गेली. गाजावाजा करून आणलेला पाहुणा नुसता बसून आहे म्हटल्यावर विरोधकांना आयतं खाद्य मिळालं. म्हातारा आटला, अशी कुजबुज सुरू झाली. अखेर 11 मार्च 1791 ला हॅनोव्हर स्क्वेअर रूम्समध्ये मैफल उभी राहिली आणि सिम्फनीचा संथ भाग श्रोत्यांनी पुन्हा वाजवायला लावला. त्या काळी संथ भागाला वन्समोअर मिळणं ही दुर्मीळ गोष्ट होती.

ऑपेराचं नशीब मात्र उघडलं नाही. तालमीचा दिवस. वादकांपुढे नोटेशनचे कागद वाटून झाले, गायक उभे राहिले, हायडननं खूण केली. जेमतेम चाळीस बार वाजले असतील तोच सरकारी माणसं आत आली आणि राजाच्या व संसदेच्या नावानं हुकूम सुनावला: हा ऑपेरा करायचा नाही, तालीमसुद्धा नाही. वादकांनी वाद्यं खाली ठेवली. कागद गोळा झाले आणि चार अंकांचं ते हस्तलिखित मिटलं. गालिनीनं ठरलेली रक्कम आधीच बाजूला ठेवलेली असल्यामुळे हायडनचे पैसे बुडाले नाहीत, पण त्याच्या जिवाचा ऑपेरा त्याला एकदाही रंगमंचावर दिसला नाही.

आणि जिच्यामुळे हे घडलं ती पँथिऑन? 1791 च्या वर्षअखेरीच्या रात्री हायडन तिथे ऑपेरा पाहायला गेला होता. वहीत तशी नोंद आहे. त्यानंतर चौदा दिवसांनी, 14 जानेवारी 1792 ला, पँथिऑन जळून खाक झाली. हायडनचा ऑर्फियस मात्र पडूनच राहिला. तो पहिल्यांदा रंगमंचावर आला 9 जून 1951 रोजी, फ्लॉरेन्समध्ये, एरिक क्लायबरच्या संचालनाखाली. म्हणजे 160 वर्षांनी. युरिडिसी झाली होती मारिया कॅलास. लंडनच्या कुठल्याच परवान्यानं हायडनला अशी नायिका मिळवून दिली नसती, हेही खरं.

ऑक्सफर्डचा किस्सा हलका आहे, म्हणून थोडक्यात. जुलै 1791 मध्ये विद्यापीठानं त्याला डॉक्टरेट दिली. खटपट संगीत-इतिहासकार चार्ल्स बर्नीची. हायडन तालमीला वेळेवर पोचला नाही आणि पहिल्या संध्याकाळी वादकांना माहीत असलेलीच जुनी रचना वाजवावी लागली. दुसऱ्या दिवशी वाजली ती 92 क्रमांकाची सिम्फनी. तिला जग ‘ऑक्सफर्ड’ म्हणतं. ती त्यानं 1789 मध्ये पॅरिसकरता लिहिली होती. पदवी मिळाल्यावर त्यानं अंगातला झगा दोन्ही हातांनी उचलून दाखवला आणि इंग्रजीत आभार मानले. सभागृहानं त्याच्या इंग्रजीचीच तारीफ केली. तो झगा घालून तो गावभर संकोचत फिरला. वहीत हिशेब आहे: घंटा वाजवण्याचे दीड गिनी, झग्याची अर्धी गिनी. सन्मान विद्यापीठाचा आणि त्याचं भाडं सन्मानमूर्तीकडून!

खरी धमाल 1792 च्या हंगामात झाली. सालोमनला टक्कर देणारी ‘प्रोफेशनल कॉन्सर्ट’ ही तगडी संस्था होती. त्यांनी आधी जास्त पैसे देऊ करून हायडनला फोडायचा प्रयत्न केला. तो सालोमनला दिलेल्या शब्दाला जागला. मग त्यांनी वेगळी खेळी केली. हायडनचाच शिष्य, इग्नाझ प्लायेल, याला त्यांनी स्ट्रासबर्गहून आणला. गुरूच्या घरी राहून शिकलेला, वयानं पंचवीस वर्षांनी लहान, युरोपभर लोकप्रिय. शिवाय तो नव्या रचनांची चळत घेऊन आला होता. आपल्याकडे ‘शिष्यादिच्छेत् पराजयम्’ म्हणतात खरं, पण तो पराजय कुणी पोस्टर लावून जाहीर केलेला नसतो. वर्तमानपत्रांनी इथे कुस्तीचा फडच लावला.

हायडननं व्हिएन्नातल्या स्नेही मारियाना फॉन गेंत्सिंगर यांना लिहिलं की आता गुरू-शिष्यांचं रक्तरंजित सुरेल युद्ध होणार. मग त्यानं जाहीर करून टाकलं: दर मैफलीत एक नवी रचना. शब्द देऊन बसला आणि रात्री जागू लागला. डोळे दुखायला लागले, झोप उडाली, पत्रांतून थकवा दिसू लागला. हे ओझं त्यानं प्लायेलच्या धास्तीनं स्वतःवर घेतलं. प्लायेलच्या एकलवाद्यांच्या सिम्फनीला उत्तर म्हणून व्हायोलिन, चेलो, ओबो आणि बासून यांची ‘सिन्फोनिया काँचेरतांते’ त्यानं झपाट्यानं लिहिली आणि 9 मार्चला वाजवलीही. सालोमनच्या प्रेरणेत जे नव्हतं ते ईर्षेनं करून घेतलं.

बाहेर हे युद्ध रंगलेलं असताना आत काय चाललं होतं? प्लायेल 23 डिसेंबरला लंडनला आला, आणि नाताळच्या आदल्या दिवशी दोघं एकत्र जेवले. वर सांगितलेल्या त्या वर्षअखेरीच्या रात्री हायडन पँथिऑनला गेला तो प्लायेललाच बरोबर घेऊन. पोरगा इतक्या नम्रपणे वागला की माझं प्रेम त्यानं परत मिळवलं, असं हायडननं कळवलं आहे. प्रोफेशनल कॉन्सर्टच्या पहिल्याच मैफलीत हायडनची सिम्फनी वाजली, आणि प्लायेलच्या कार्यक्रमांना हायडन जातीनं जाऊन टाळ्या वाजवू लागला. ज्यांनी हा डाव मांडला, त्या संस्थेनं पुढच्याच वर्षी गाशा गुंडाळला.

आता ‘सरप्राइज’. सिम्फनी क्रमांक 94, पहिली मैफल 23 मार्च 1792. संथ भाग हळूच, लहान मुलालाही गुणगुणता येईल अशा चालीनं सुरू होतो, आणखी हळू होतो, आणि अचानक सगळा वाद्यवृंद नगाऱ्यासकट एकच दणका देतो. जेवून आलेल्या, पेंगुळलेल्या बायकांना जागं करायला हायडननं हे केलं, ही सांगोवांगी प्रत्येक कार्यक्रमपत्रिकेत सापडते. हायडनच्या हयातीतच त्याला कुणी हे विचारलं होतं, आणि त्यानं साफ नाही म्हटलं. त्याचं उत्तर असं की मला लोकांना काहीतरी नवं द्यायचं होतं, म्हणजे शिष्याच्या मैफलींपुढे मी फिका पडणार नाही. तो दणका प्लायेलसाठी होता. याचा पुरावा त्याच्याच हस्ताक्षरात आहे. या भागाचा आधीचा खर्डा शिल्लक आहे, आणि त्यात दणका नाहीच. चाल तीच, पण सगळं आपलं सुरळीत. ‘सरप्राइज’ हे नावही त्यानं दिलेलं नाही. वृंदातला बासरीवादक अँड्र्यू अ‍ॅश यानं ते आपण दिल्याचं लिहून ठेवलं आहे. हायडनच्या सर्वांत प्रसिद्ध सिम्फनीतला सर्वांत प्रसिद्ध क्षण चुरशीमुळे मागाहून घातलेला आहे, हे कळल्यापासून मला तो अधिक आवडतो. साठीला टेकलेला, युरोपात मान्यता पावलेला माणूस शिष्याच्या धास्तीनं आपला पुरा झालेला खर्डा बाजूला सारून पुन्हा लिहायला बसतो, यात लाजण्यासारखं काही नाही. कामावर इतकी श्रद्धा असणाराच असं करतो.

त्याच हंगामातली 98 वी सिम्फनी 2 मार्चला झाली. मोझार्ट 5 डिसेंबरला गेला होता, आणि ती बातमी लंडनला पोचल्यावर हायडनला बरेच दिवस ती खरी वाटत नव्हती. मोझार्टच्या एका स्नेह्याला त्यानं लिहिलं की मुलाला मी फुकट शिकवीन. 98 व्या सिम्फनीच्या संथ भागात अनेक जाणकारांना मोझार्टची आठवण ऐकू येते, मलाही येते. पण शेवटचा भाग पाहा. शोकात लिहिलेल्या याच रचनेच्या अखेरीस सालोमनच्या व्हायोलिनला खट्याळ सोलो आहे आणि मग, सगळं संपत आलं असताना, पियानोवर बसलेल्या खुद्द हायडनसाठी एक इवलासा तुकडा. एवढा वेळ नुसती साथ करणारा माणूस अचानक बोटं चालवतो आणि श्रोते खुर्चीतून पुढे सरकतात. तिचं हस्तलिखित पुढे ज्याच्या संग्रहात सापडलं, त्याचं नाव बीथोव्हन.

खासगी गोष्टींत फार शिरणार नाही, पण रिबेका श्रोटर यांना वगळता येत नाही. राणीच्या संगीतशिक्षकाची ही विधवा हायडनकडे पियानो शिकायला आली. तिची प्रेमपत्रं हायडननं आपल्या वहीत स्वतःच्या हातानं उतरवून घेतली, अशी बावीस. मूळ पत्रं गेली, नकला राहिल्या. म्हातारपणी त्यानं चरित्रकाराला सांगितलं की ही बाई साठीची असूनही देखणी होती, आणि मी मोकळा असतो तर तिच्याशी सहज लग्न केलं असतं. ती प्रत्यक्षात तेव्हा चाळिशीची होती. तीन पियानो ट्रिओ तिला अर्पण केलेले आहेत, आणि त्यातल्याच एकाचा शेवट म्हणजे जगभर गाजलेला ‘जिप्सी राँडो’. कुठल्याही करारात त्याचा उल्लेख नाही.

तिकडे व्हिएन्नात बायको मारिया आना वेगळ्या योजनेत होती. गुम्पेनडॉर्फमध्ये एक छोटं छान घर विकायला आहे, 2000 गुल्डन पाठवा, म्हणजे मी विधवा झाल्यावर तिथे राहीन, असं तिनं नवऱ्याला लंडनला कळवलं. हायडननं पैसे पाठवले नाहीत. परत आल्यावर घर स्वतः जाऊन पाहिलं, त्याला आवडलं, 1793 मध्ये घेतलंही. मारिया आना 1800 मध्ये गेली. हायडन त्याच घरात 1809 पर्यंत राहिला.

1794 ला तो दुसऱ्यांदा आला. तेव्हाचा एक प्रसंग मला फार आवडतो. तालमीला नगारेवाला आलाच नाही. वाजवेल का कुणी, असं हायडननं विचारलं. व्हायोलिनच्या रांगेतला जॉर्ज स्मार्ट नावाचा अठरा वर्षांचा मुलगा म्हणाला, मी वाजवतो. उत्साह होता, तालही होता, पण काठी सरळ वरून आपटत होता. त्यामुळे प्रत्येक ठोका तिथल्या तिथे मरत होता. हायडन पियानोवरून उठला, नगाऱ्यापाशी आला, काठ्या हातात घेतल्या आणि दाखवलं: कातड्यावर दाबायची नाही, मनगट सैल ठेवून आडवी ओढून काढायची, म्हणजे नाद मोकळा सुटतो. सगळा वृंद थक्क. या वृद्धाला नगारा येतो हे कुणाला ठाऊक नव्हतं. तो सहा-सात वर्षांचा असताना गावच्या मिरवणुकीतला नगारेवाला वारला होता आणि ऐनवेळी या पोराच्या हातात काठ्या दिल्या होत्या. त्यानंतर पुढच्याच वर्षी आली ती 103 वी सिम्फनी, एकट्या नगाऱ्याच्या गडगडाटानं सुरू होणारी. आणि तो मुलगा? सर जॉर्ज स्मार्ट होऊन 1825 मध्ये बीथोव्हनच्या नवव्या सिम्फनीचं इंग्लंडातलं पहिलं सादरीकरण त्यानंच केलं.

नेपल्सच्या राजाचं उरलेलं ते इथेच सांगतो. 31 मार्च 1794 ला ‘मिलिटरी’ सिम्फनी वाजली तेव्हा दुसऱ्या भागातल्या मोठ्या ढोलानं, झांजांनी आणि त्रिकोणानं लंडन वेडं झालं; युद्धाचे दिवस होते, लोकांना तोफा ऐकू आल्या. त्या भागाची मूळ चाल मात्र युद्धाची मुळीच नाही. राजेसाहेब हौसेनं वाजवत असलेल्या चाकाच्या लीरा वाद्यासाठी लिहिलेल्या कॉन्चेर्टोतली ती निवांत धून, सैनिकी पोशाख चढवून लंडनच्या रंगमंचावर उभी राहिली होती.

योजना मोडण्याचं सत्र दुसऱ्या मुक्कामातही थांबलं नाही. लॉर्ड अ‍ॅबिंग्डन यांनी ‘मारे क्लाउझुम’ नावाच्या भव्य इंग्रजी रचनेचा घाट घातला: समुद्रावर इंग्लंडची मालकी, असा विषय. हायडननं एक एकलगीत आणि एक समूहगीत लिहिलं आणि काम थांबलं. उलट निघायच्या सुमारास सालोमननं त्याच्या हातात सृष्टीच्या उत्पत्तीवरची एक इंग्रजी संहिता ठेवली, हँडेलसाठी तयार झालेली म्हणून ओळखली जाणारी. हायडननं ती बासनात बांधून नेली. 1798 मध्ये व्हिएन्नात तिचंच ‘द क्रिएशन’ झालं. लंडनमधलं पहिलं सादरीकरण आपणच करणार, असं सालोमन धरून चालला होता. पण अ‍ॅशली नावाच्या आयोजकानं नोटेशन आधी मिळवलं आणि 28 मार्च 1800 ला कोव्हेंट गार्डनमध्ये ते वाजवूनही टाकलं. सालोमनची मैफल 21 एप्रिलला झाली. कल्पना देणारा दुसरा आला.

पैशाच्या बाबतीत हायडन भोळा नव्हता, हेही नोंदवायला हवं. युवराजांनी त्याला 26 वेळा आपल्याकडे वाजवायला बोलावलं, चेलो घेऊन स्वतःही बसले, आणि पैसे दिले नाहीत. हायडन व्हिएन्नाला परतला, मग त्यानं थेट संसदेकडे शंभर गिनींचं बिल पाठवलं. ते मंजूर झालं. दुसरीकडे विल्यम नेपियर नावाचा प्रकाशक कर्जानं बुडायच्या बेतात होता, तेव्हा याच माणसानं शंभर स्कॉटिश गाण्यांना साथ-संगीत लिहून दिलं, एक पैसा न घेता. पुस्तक खपलं, नेपियर सावरला आणि त्यानं आपणहून मानधन आणून दिलं.

शेवटी झुंबर. मैफल चालू असताना झुंबर कोसळलं, पण हायडनला जवळून पाहायला लोक पुढे धावले असल्यामुळे खालच्या खुर्च्या रिकाम्या होत्या आणि माणसं वाचली. म्हणून त्या सिम्फनीला ‘मिरॅकल’ म्हणतात. गोष्ट खरी आहे. सिम्फनी चुकीची आहे. ‘मिरॅकल’ हे नाव 96 क्रमांकाला चिकटलेलं आहे आणि ती 1791 ची. झुंबर पडलं ते 2 फेब्रुवारी 1795 ला, किंग्ज थिएटरच्या सभागृहात, 102 क्रमांकाच्या मैफलीत. दुसऱ्या दिवशीच्या ‘मॉर्निंग क्रॉनिकल’मध्ये तसं आलेलं आहे: शेवटच्या भागाला वन्समोअर मिळाला आणि झुंबर पडून खोळंबा झाला तरी परिणाम उणावला नाही. ज्या इमारतीत हायडनचा ऑपेरा चाळीस बारनंतर बंद पाडला, त्याच इमारतीत त्याची सिम्फनी छताचं झुंबर पडूनही बंद पडली नाही.

तरी नाव गेलं ते गेलंच. टोपणनाव नाही म्हणून 102 वी आजही कार्यक्रमांत कमी लागते, ध्वनिमुद्रिकांच्या वेष्टनांवर कोपऱ्यात बसते. माझ्या मते लंडनच्या बारा सिम्फनींत ती पहिल्या तिघींत येते. तिचा संथ भाग हायडनला स्वतःलाही इतका जवळचा होता की तोच त्यानं श्रोटरबाईंना अर्पण केलेल्या एका ट्रिओतही वापरला. ‘सरप्राइज’ आणि ‘मिलिटरी’ कुठेही कानावर पडतात. तुम्ही एक संध्याकाळ काढून 102 लावा, आणि शेवटचा भाग संपला की तो पुन्हा एकदा लावा. त्या रात्री लंडननं तेच केलं होतं.